पाकोळीतली अकरा मिनिटं

कराडच्या एसटी आगारातल्या बायकांची सहल दर वर्षी निघायची आणि दर वर्षी जयमाला कणसे पिशव्या सांभाळायची. तिला तसं कुणी सांगत नसे. पण पाळणा म्हणा, होडी म्हणा, जिथे तोल लागतो तिथे ती जाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग सावलीतल्या बाकावर तिच्याभोवती पर्स, डबे, पाण्याच्या बाटल्या असा ढीग जमायचा. या वर्षीची सहल शिरवळच्या पुढे नव्यानं झालेल्या 'नभांगण' उद्यानात आली होती आणि सकाळच्या साडेदहालाच तिच्या मांडीवर सात पिशव्या होत्या.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत ती कराड–चिपळूण गाडीवर वाहक होती. कुंभार्ली घाटाच्या वळणांवर प्रवासी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसायचे आणि ही दोन्ही हात तिकिटात गुंतलेले असताना मधल्या वाटेनं सरळ चालत जायची. मग मूत्रपिंडाचा संसर्ग रक्तात पसरला आणि तीन आठवडे एक जालीम इंजेक्शन द्यावं लागलं. त्यानं तिचा जीव वाचला. दोन्ही कानांच्या आत तोल राखणाऱ्या ज्या बारीक केसाळ पेशी असतात, त्या मात्र गेल्या. ऐकायला व्यवस्थित येत होतं. फक्त चालायला लागलं की जग हिंदकळायचं. समोरच्या माणसाचा चेहरा, दुकानाची पाटी, सगळं पावलागणिक वरखाली उडायचं. डोळे मिटले किंवा अंधार झाला तर त्याहून वाईट. वर कुठे आणि खाली कुठे तेच कळायचं नाही. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले एवढ्याच कारणानं ती न्हाणीघरात दोनदा पडली होती.

तेव्हापासून ती आगाराच्या चौकशी खिडकीत बसत होती, आणि तिचा नवरा हणमंत तिचं डावं कोपर धरून चालत होता. त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. ते तो दुपारी बंद करायचा, तिला घ्यायला यायचा आणि उरलेला दिवस तिच्याबरोबर असायचा. तो कधी कुरकुरला नाही. लोक त्याचं नाव आदरानं घ्यायचे.

त्या दिवशी हणमंत बरोबर नव्हता. समोरच्या काळ्या दगडी इमारतीवर 'पाकोळी' असं लिहिलं होतं. उद्यानातला सगळ्यात नवा खेळ तो. अंधाऱ्या गुहेतून गाडीत बसून जायचं. आगारातल्या दोघी त्यातून बाहेर आल्या त्या एकमेकींना धरून हसत होत्या. गाडी नुसती सपाट रुळावर जाते, पण आपण दरीत पडतो, गरगर फिरतो, उडतो, असं त्या सांगत होत्या. जयमालानं ऐकून घेतलं. मग सात पिशव्या बाकावर ओळीनं लावल्या, त्यांच्याजवळ एकीला बसवलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. आपण का उठलो हे तिला नंतरही नीट सांगता यायचं नाही. बसून कंटाळा आला, एवढंच ती म्हणायची.

दारापाशी एका पडद्यावर प्रश्न होते. हृदयविकार, गरोदरपण, फिट येणं. चौथा प्रश्न होता, कानाचा किंवा तोलाचा आजार आहे का? असल्यास बसता येणार नाही. जयमालानं 'नाही' दाबलं.

गाडी सहा जणांची होती. कमरेला पट्टा आला आणि डोक्याभोवती एक मऊ कडं बसलं. कडं कानामागे थोडं ओलसर लागत होतं. दिवे गेले. पहिले काही क्षण तिला जे नेहमी होतं तेच झालं. अंधार चारी बाजूंनी आत शिरला, खालची सीट नाहीशी झाली, आणि तिनं पुढचा दांडा बोटं दुखेपर्यंत आवळला. ओल्या दगडाचा वास येत होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. एक बाई शांत आवाजात सांगत होती की तुम्ही गुहेतल्या पाकोळी पक्ष्याचं पिल्लू आहात आणि आज पहिल्यांदा घरट्याबाहेर पडणार आहात.

मग कानामागे मुंग्या आल्यासारखं झालं. बाजूचे पाचही जण एकदम किंचाळले, कारण त्यांचं घरटं सुटलं होतं. जयमाला किंचाळली नाही. तिला खाली कुठे आहे ते कळलं.

डोळ्यांनी नव्हे. डोळ्यांपुढे काही नव्हतंच. वळणावर गाडी जराशी डावीकडे कलली आणि तिला डावीकडे कलल्याचं कळलं. तिनं मान उजवीकडे वळवली आणि मान उजवीकडे वळल्याचं कळलं. इतर माणसांना ही गोष्ट जन्मभर फुकट मिळत असते, म्हणून तिला नावही नसतं. जयमालानं मान हळूच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. सगळे दरीत पडत होते, फिरत होते, आकाशात झेपावत होते, आणि ती अंधारात बसून मान हलवत होती. अकरा मिनिटं तिनं दुसरं काही केलं नाही.

बाहेर पडायच्या बोळात उजेड मंद होता. तिनं भिंत धरली नाही. दहाबारा पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की समोर 'कृपया उजव्या बाजूने चालावे' अशी पाटी आहे आणि आपण ती चालता चालता वाचतो आहोत. अक्षरं जागच्या जागी होती.

बोळाच्या टोकाला आणखी एक पडदा होता. कसं वाटलं ते सांगा, असं त्यावर लिहिलं होतं. लोक त्यात भारी, जबरदस्त, पोटात गोळा आला, असं बोलून पुढे जात होते. जयमाला त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. शेवटी म्हणाली, "इथे सगळे पडत होते. मी सहा वर्षांनी सरळ बसले. हे तुम्ही कसं केलंत ते मला कळलं पाहिजे." आणि स्वतःचा नंबर सांगितला.

पंचवीस मिनिटं ते टिकलं. ती त्या वेळात उद्यानाच्या तलावाला एक पूर्ण फेरी मारून आली, एकटी, कुणाला न धरता. पाण्याच्या नळापाशी वाकली तेव्हा जमीन पुन्हा सैल झाली. तिनं नळाचा खांब धरला आणि मैत्रिणीला हाक मारली.

घरी आल्यावर तिनं हणमंतला सगळं सांगितलं. कानामागच्या मुंग्यांचं ऐकून त्यानं फक्त डोक्याला करंट लावून घेतलास का, असं विचारलं. त्याचं उभं आयुष्य करंट कुठे जाऊ नये हे बघण्यात गेलं होतं. तो रागावला नाही, पण त्या दिवसापासून तिचं कोपर थोडं जास्त घट्ट धरू लागला.

आठवड्यानं उद्यानातून फोन आला. फरहीन मुलाणी नावाची सांगलीची इंजिनिअर बोलत होती. 'पाकोळी'चं ते कडं तिनंच बनवलं होतं. पडद्यावर लोक जे बोलत, त्याची यंत्र आपोआप वर्गवारी करायचं. घाबरलेले एकीकडे, खूश झालेले दुसरीकडे. जयमालाचं बोलणं यंत्राला कुठेच बसवता आलं नव्हतं, म्हणून ते माणसाकडे पाठवलं गेलं होतं.

या वेळी जयमाला एकटीच बसनं शिरवळला गेली. हणमंतला तिनं आगारातून फोन करून सांगितलं, म्हणजे त्याला अडवायला वेळ मिळाला नाही. फरहीन तिशीची होती, बारीक, वेगानं बोलणारी. तिनं टेबलावर कडं उलटं ठेवलं. आतल्या बाजूला सहा मऊ चकत्या होत्या.

तिनं सांगितलं ते असं. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. मान हलली की पाणी मागे राहतं, त्या ढकलण्यानं केसाळ पेशी वाकतात आणि मज्जातंतूतून मेंदूकडे खबर जाते. ही खबर शेवटी विजेचीच असते. म्हणून कानामागून दोन हजारांश अँपिअरइतका अगदी क्षीण प्रवाह सोडला, तर नळ्या, पाणी, पेशी सगळ्यांना वगळून थेट मज्जातंतूला खोटी खबर देता येते. माणूस बसलेला असतो आणि मेंदूला वाटतं की तो पडतोय. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं. कमी चकत्यांनी फक्त डावं-उजवं जमायचं, सहा चकत्यांनी सगळ्या दिशा जमल्या, एवढंच नवीन. पण नुसत्या खोट्या खबरीनं लोकांना उलट्या व्हायच्या. म्हणून तिनं कड्यात एक लहानसं मापक घातलं. माणसाचं डोकं खरोखर कसं हलतंय ते मोजायचं, आणि खोट्या खबरीत ती खरी खबर मिसळायची.

"तुमच्या पेशी मेल्यात, पण मज्जातंतू जिवंत आहे," फरहीन म्हणाली. "बाकीच्यांना आमची गोष्ट ऐकू आली. तुम्हाला फक्त मापक ऐकू आलं असणार. बाहेर आल्यावर थोडा वेळ मज्जातंतू जागा राहतो, म्हणून ती पंचवीस मिनिटं." मग ती थांबली आणि म्हणाली, "पण काकू, तुम्हाला आत सोडलं कसं?"

जयमालानं चौथ्या प्रश्नाचं सांगितलं. फरहीनचा चेहरा उतरला. हे तिला वर कळवावंच लागणार होतं.

वर म्हणजे पारखी. उद्यान चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला आणि मग स्पष्ट सांगितलं की हे उद्यान आहे, दवाखाना नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर खेळ बंद होईल आणि इथे चारशे माणसं कामाला आहेत. तुम्ही खोटं लिहिलंत, तेव्हा तुमचं नाव मनाई यादीत जाईल. जयमालानं ते पूर्ण ऐकलं.

"मी खोटं लिहिलं हे खरं आहे, तसं नोंदवा," ती म्हणाली. "पण बाहेर येऊन मी जे बोलले तेही खरं आहे. तेही त्याच्या शेजारी नोंदवा. मी परत येणार आहे, या वेळी रीतसर."

रीतसर म्हणजे काय ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. फरहीननं गेटपर्यंत सोडताना सांगितलं. एखादं वैद्यकीय महाविद्यालय तयार व्हावं लागेल, त्यांच्या नैतिकता समितीची परवानगी लागेल, आणि अशाच आजाराचे किमान आठ रुग्ण लागतील. आठ कुठून आणणार, असं ती म्हणाली. आजार दुर्मीळ होता आणि ज्यांना होता त्यांना त्याचं नावही माहीत नसायचं. लोक त्यांना चक्कर येते म्हणायचे, कधी दारू प्यायलाय म्हणायचे.

जयमालानं आगारप्रमुखांची परवानगी काढली आणि चौकशी खिडकीच्या काचेवर आतून एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चालताना पाट्या उडताना दिसतात का? अंधारात वर-खाली कळत नाही का? खिडकीत विचारा.' सांगली, विटा, इस्लामपूर, सातारा इथल्या जुन्या वाहक मैत्रिणींकडे तिनं तोच कागद पाठवला. पाच आठवड्यांत चौदा फोन आले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासल्यावर त्यातले आठ जण खरे निघाले, जयमाला धरून नऊ. इस्लामपूरचे भास्कर हुबाले त्यात होते. गणिताचे शिक्षक, फळ्यावर लिहायला वळलं की पडायची भीती वाटते म्हणून त्यांनी शाळा सोडली होती. जयमालाशी पहिल्यांदा फोनवर बोलताना आपल्यासारखं दुसरं माणूस आहे याचंच त्यांना इतकं बरं वाटलं, की ते तासभर बोलत राहिले.

कागदपत्रांना सात महिने लागले. पुण्याच्या एका प्राध्यापिकेनं हे काम हाती घेतलं. पारखींनी शेवटी मंगळवार दिला, कारण त्या दिवशी देखभालीसाठी 'पाकोळी' बंद असायची. मग दर मंगळवारी सकाळी नऊ माणसं आपापल्या माणसांचा हात धरून त्या काळ्या इमारतीत शिरायची आणि अर्ध्या तासानं बोळातून सुटी सुटी बाहेर यायची. गोष्ट, आवाज, ठिबकणारं पाणी सगळं बंद केलेलं असायचं. नुसता अंधार आणि मापक. पहिल्या मंगळवारी हुबाले सर बोळाच्या टोकाला येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांच्या बायकोनं जयमालाचा हात दोन्ही हातांत धरला.

हणमंत बाहेर बाकावर बसायचा. जयमाला चालत येताना दिसली की उठायचा आणि पुढे यायचा, मग आपला हात कुठे ठेवावा ते त्याला कळायचं नाही. एकदा तिच्या लक्षात आलं की तो पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतोय. त्यावर ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं तिला पुढे वाटलं.

पाचव्या महिन्यात फरहीननं कडं घरी नेता येईल इतकं छोटं केलं. कमरेला डबी, डोक्याला पट्टी. प्रवाह मोठ्या कड्यापेक्षा क्षीण होता, त्यामुळे तो थांबला की मागे काही उरायचं नाही. रोज दीड तास वापरायची परवानगी मिळाली. जयमाला त्या दीड तासात सगळी कामं उरकायची. बाजार, दळण, गच्चीवरचे कपडे. गच्चीवर तिनं सात वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

अकराव्या दिवशी गच्चीवरून कपड्यांची बादली घेऊन उतरताना डबीतली बॅटरी संपली. एका क्षणात जिना नाहीसा झाला. पूर्वीची जयमाला जिन्यात असती तर कठडा धरूनच असती, डोळे पायरीवर रोखून. ही जयमाला गाणं गुणगुणत, बादली दोन्ही हातांत घेऊन उतरत होती. सात पायऱ्या ती खाली गेली. उजवं मनगट मोडलं आणि भुवईला चार टाके पडले.

दवाखान्यातली सगळी धावपळ हणमंतनं केली. घरी आल्यावर, तिला उशीला टेकवून बसवल्यावर म्हणाला, "आता बास. सात वर्षं मी तुला पडू दिलं नाही."

"नाही दिलंत," जयमाला म्हणाली. "पण मी तेवढ्यासाठीच जगत होते, पडू नये म्हणून. तुम्हीही."

त्यावर तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी लावत राहिला.

संध्याकाळी हुबाले सरांचा फोन आला. त्यांना बातमी कळली होती. चौकशी करून झाल्यावर त्यांनी अडखळत मुद्द्याला हात घातला. पायरी ओली होती असं सांगता येणार नाही का? यंत्रामुळे पडलात असं लिहिलं तर चाचणी थांबेल, नऊ जणांची. मी पुढच्या महिन्यात शाळेत परत जायचं ठरवलंय. त्यांचा आवाज विनवणीचा होता आणि जयमालाला तो ऐकवत नव्हता. तिनं विचार करते असं सांगितलं.

तिनं खरंच विचार केला. सत्य सांगितलं तर जे तिनं काचेवर कागद चिकटवून उभं केलं ते तिच्याच हातानं बंद पडणार होतं. खोटं सांगणं सोपं होतं. एकदा सांगून झालंही होतं. पण तेव्हाच्या 'नाही'नं पडली असती तर ती एकटी पडली असती. आता तेच कडं आठ जणांच्या डोक्यावर होतं, आणि त्यातला एक जण उद्या फळ्यापुढे उभा राहणार होता, मागे चाळीस मुलं. सकाळी तिनं डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत समितीसाठी अहवाल लिहिला. पायरी कोरडी होती. बॅटरी संपली. मी निर्धास्त होते म्हणून जास्त लागलं.

दोन दिवसांत चाचणी थांबली. हुबाले सरांनी त्यानंतर तिचा फोन उचलला नाही. पारखींनी खेळ सुरू ठेवला पण मंगळवार काढून घेतला. फरहीन रडवेली झाली होती. समितीनं तिला विचारलं होतं की हा धोका आधीच का ओळखला नाही.

प्लास्टर काढायच्या आदल्या आठवड्यात ती जयमालाला भेटायला कराडला आली. हणमंतनं तिला पाणी दिलं आणि दारातच उभा राहिला. अहवालाची प्रत त्यानं वाचली होती, बहुधा एकदाच नव्हे.

"एकदम का बंद होतं ते?" त्यानं विचारलं.

फरहीननं सांगितलं की बॅटरी संपली की प्रवाह तुटतो. हणमंत म्हणाला, उपसा सिंचनाचे मोठे पंप आम्ही असे कधीच तोडत नाही. एकदम तोडला की वर गेलेलं पाणी उलटं येतं आणि पाइपाला दणका बसतो, पाइप फुटतो. म्हणून मोटर हळूहळू उतरवायची, पाण्याला परतायला वेळ द्यायचा. इथेही तिच्या मेंदूनं सगळा भार यंत्रावर टाकलेला असतो. त्याला परत डोळ्यांवर, तळपायांवर यायला वेळ नको का?

फरहीननं पिशवीतून वही काढली. दोघं जेवणाच्या टेबलावर बसले आणि जयमालानं डाव्या हातानं चहा केला. त्या दुपारी ठरलं ते असं, की बॅटरीचा शेवटचा दहावा भाग राखून ठेवायचा. काहीही बिघडलं तरी आधी पट्टी थरथरून इशारा देईल आणि मग सहा मिनिटांत प्रवाह थोडा थोडा उतरत जाईल. त्या सहा मिनिटांत माणसानं बसायचं किंवा काहीतरी धरायचं.

समितीपुढे फरहीनबरोबर जयमालाही गेली. एका सदस्यानं तिला विचारलं की इतकं लागल्यावर पुन्हा हे डोक्याला लावायची तयारी आहे का. ती म्हणाली, "हो. म्हणूनच मी खरं लिहिलं. मला हे पुढेही वापरायचं आहे."

चार महिन्यांनी चाचणी पुन्हा सुरू झाली. नऊपैकी पाच जणांना चांगला फायदा झाला, तिघांना जेमतेम, आणि एक बाई कानामागच्या मुंग्या सोसवत नाहीत म्हणून सोडून गेली. हुबाले सर शाळेत परतले, ठरवल्यापेक्षा सहा महिने उशिरा. एके दिवशी वर्गात पट्टी थरथरली आणि ते मुलांना उदाहरण घालून खुर्चीत बसले. त्या संध्याकाळी त्यांनी जयमालाला फोन केला, तेवढं सांगितलं आणि म्हणाले, "ताई, राग मानू नका." तिनं मानला नव्हताच.

जयमालाची आई पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत राहायची. डांबरी सडक खाली संपायची आणि पुढे अर्ध्या तासाची दगडगोट्यांची चढण होती. जयमाला आजारी पडल्यापासून तिथे गेलेली नव्हती. आईच खाली सडकेवर येऊन वडाखाली लेकीला भेटायची. पण गेल्या दिवाळीपासून आईच्या गुडघ्यांनी काम सोडलं होतं. आता दोघी फक्त फोनवर बोलायच्या आणि आई दर वेळी फोन लवकर ठेवायची.

माघात एका रविवारी सकाळी जयमाला आणि हणमंत त्या सडकेवर उतरले. आईला सांगितलेलं नव्हतं. डबी पूर्ण भरलेली होती, दीड तास हाताशी होता. जयमालानं पट्टी बांधली आणि हणमंतला सांगितलं, की तुम्ही दहा पावलं मागे राहायचं. त्यानं मान हलवली.

पहिली पंचवीस मिनिटं छान गेली. करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंना होत्या, वाट अरुंद होती, पायाखाली मुरूम सरकत होता, आणि ती चालत होती. वर पाहून चालत होती. मधेच दिसणारं घराचं कौल जागच्या जागी होतं. मग कपाळावरून घाम उतरला, पट्टीखाली गेला, आणि चकत्या सुटायला लागल्या. फरहीननं हे हिशोबात धरलं नव्हतं. प्रयोगशाळेत कुणी डोंगर चढलं नव्हतं.

पट्टी थरथरली. जयमाला लगेच एका दगडावर बसली. तिनं पदरानं कानामागचा घाम पुसला, चकत्या दाबून पाहिल्या, पुन्हा बांधल्या. धरत नव्हत्या. सहा मिनिटांत डोंगर हळूहळू तिच्या हातातून गेला. कौल हिंदकळायला लागलं. घर आणखी दीडशे पावलांवर होतं.

हणमंत दहा पावलांवर थांबला होता. तिथूनच त्यानं विचारलं, "धरू का?"

"नको," ती म्हणाली. "पडले तर उचला. तोवर नको."

तिनं पट्टी काढून पिशवीत ठेवली, पिशवी पाठीला बांधली आणि दोन्ही हात जमिनीला टेकवले. डोकं स्थिर ठेवलं तर जग कमी उडतं हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. तिनं एक हात पुढे टाकला. थांबली. नजर त्याच दगडावर ठेवून गुडघा ओढून घेतला. मग दुसरा हात. जुनं मोडलेलं मनगट दुखायला लागलं तेव्हा तिनं कोपर टेकलं. एकदा मुरूम सरकला आणि ती कुशीवर आली. मागे पावलं वाजली आणि थांबली. ती स्वतःच सावरली आणि पुन्हा हात टाकला. मागे पाहिलं असतं तर हणमंतनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले तिला दिसले असते. चेहरा घामानं डबडबलेला आणि चढ तर त्याच्या पायांना काहीच नव्हता.

त्या दीडशे पावलांना पाऊण तास लागला.

आई अंगणात सुपात नाचणी पाखडत बसली होती. कुंपणाच्या फटीतून कुणीतरी हातापायांवर येताना दिसलं तेव्हा तिनं आधी हाड्‌ म्हणायला तोंड उघडलं. मग सूप खाली ठेवलं. जयमालानं कुंपणाचा खांब धरला आणि उभी राहिली. तळवे खरचटले होते, साडी गुडघ्यांवर फाटली होती, केसांत पाचोळा होता.

आई उठायचा प्रयत्न करून तिथेच पुन्हा बसली. मग आईनं शेजारचा तांब्या उचलला आणि पुढे केला.

"हात कर इकडं," ती म्हणाली, आणि लेकीच्या तळव्यांवर हळूहळू पाणी ओतलं. माती निघेपर्यंत ओतत राहिली. तांब्या रिकामा झाल्यावर तिची नजर कुंपणापलीकडे गेली. "आणि जावई तिथं का उभं ऱ्हायलंत?"

जयमालानं वळून पाहिलं. हणमंत बरोबर दहा पावलांवर उभा होता.

"या आता," ती म्हणाली.